खान्देशातली देशी द्राक्षं आणि घरची वाइन: या चुका टाळा

भोकरी या देशी द्राक्षाच्या मळ्यात २४ ब्रिक्सची (ब्रिक्स म्हणजे रसातल्या गोडीचं माप) वाट बघत बसणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. तो आकडा शिराझ-कॅबर्ने या वाइनच्या विदेशी जातींचा. भोकरी असो की बंगलोर ब्लू, १६ ते १८ ला थांबणारी द्राक्षं ही. (बंगलोर ब्लू मूळची बाहेरची, पण आता तिला देशीच म्हणतात. असो.)

होतं असं. फेब्रुवारीत रिफ्रॅक्टोमीटर (ब्रिक्स मोजायचं यंत्र) १७ दाखवतो. मालक म्हणतो, ‘राहू द्या अजून आठवडाभर.’ आठ दिवसांनी पुन्हा १७. मग पाणी तोडतात. दुपारचं ऊन तोवर ३५ च्या पुढे गेलेलं असतं. मणी मऊ पडतात, आकडा १९ वर जातो आणि सगळे खूश! ही गोडी वाढलेली नसते, मण्यातलं पाणी उडालेलं असतं. त्याच उन्हात रसाला आंबटपणा देणारं मॅलिक आम्ल जळून रस सपक होतो, पीएच (आंबटपणा घटला की चढणारा आकडा) ३.८ च्या वर सरकतो. एवढ्या पीएचला वाइन टिकवणाऱ्या सल्फाइटचा जोर चालत नाही आणि वाइन विटायला वेळ लागत नाही.

मण्यात पाणी उतरलं, म्हणजे मणी मऊ पडून पिकायला लागले, की दर तिसऱ्या दिवशी, सकाळी आठच्या आत १०० मणी काढा. ओळीच्या दोन्ही अंगांनी आणि घडाच्या खांद्यावरून, मधून, शेंड्यावरून. सगळे एकत्र चुरून त्या रसाचा ब्रिक्स आणि पीएच दोन्ही बघा. खांद्यावरचा एक मणी तोंडात टाकून ‘झालं तयार’ म्हणणारे दरवर्षी भेटतात. खांद्याचा मणी गोडच लागतो. बी चावा. हिरवट, तुरट असेल तर थांबा. तपकिरी होऊन कडकन फुटली आणि पीएच ३.५ ला टेकला की तोडा. १७ ब्रिक्सची वाइन नऊ-साडेनऊ टक्के अल्कोहोलची होईल. होऊ द्या.

दुसरी चूक एप्रिलच्या खरड छाटणीतली (फळं निघाल्यावर काड्या बुडाशी छाटतात ती). वेळापत्रक नाशिकचं उचलायचं आणि ऊन खान्देशचं! पानं गेली की ओलांडा (तारेवर पसरलेली वेलाची जाड आडवी फांदी) उघडा पडतो, पारा ४३-४४ ला असतो. वरच्या अंगाची साल भाजून तडकते, तिथले डोळे (फुटीचे कोंब) फुटत नाहीत, ओलांड्यावर बोडके पट्टे राहतात आणि फटींत खोडकिडा शिरतो. छाटणीच्याच दिवशी भिजवून गाळलेला चुना ताकाइतका पातळ करून ओलांड्याच्या वरच्या अंगाला ब्रशने लावा. उद्यावर टाकू नका.

छाटणीनंतर ४० ते ६० दिवसांत डोळ्यात घड तयार होतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत विहिरी तळाला जातात. तेव्हा वेल तहानला किंवा फुटींची दाटी राहिली, तर घडाऐवजी बाळी (वेलाचा नुसता तणावा) मिळते. फुटी चार-पाच पानांवर असताना त्यांची विरळणी उरका आणि बुंध्याशी केळीचा वाळला पाला जाड अंथरा. आपल्याकडे तो मुबलक.

केवडा या बुरशीरोगाच्या भीतीने फळछाटणी (घड येण्यासाठीची दुसरी छाटणी) नोव्हेंबरच्या मध्यावर ढकलू नका. फुलोरा डिसेंबरअखेरच्या थंडीत सापडतो, मणी धरत नाहीत.

काडीच्या डोळ्यांत घड कुठे आहे हे न तपासता किती डोळ्यांवर छाटायचं हे ठरवू नका.

बोर्डो हे बुरशीवरचं फवारणीचं मिश्रण. १ टक्का म्हणजे १०० लिटरला १ किलो मोरचूद, १ किलो चुना. लोखंडी सुरी बुडवा, तांबूस झाली तर चुना कमी पडलाय.

छाटणीनंतर डोळे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइड लावणाऱ्याने हातमोजे घालावेत आणि आदल्या दिवसापासून पुढचे सात दिवस दारूचा थेंब घेऊ नये. वाइनचं घर असल्याने हे मुद्दाम सांगावं लागतं.

वाइन टिकवायचं पोटॅशियम मेटाबायसल्फाइट चमच्याने मोजून घालू नका. १०० किलो चुरलेल्या द्राक्षांना ९ ग्रॅम पुरतं. जळगावात सोनारकाट्यांना तोटा नाही, एक आणून ठेवा.