प्रलंबित वॉरंटांचा गठ्ठा उपसताना या चुका टाळा

विशेष मोहिमेचा आदेश आला की समन्स-वॉरंटच्या टेबलावरचा नवा अंमलदार पहिलं काय करतो? गठ्ठ्यातले वरचे कागद उचलतो आणि मोटारसायकलला किक मारतो. आकडा दाखवायची घाई. तो कागद अजून जिवंत आहे का, हे कोणी बघतच नाही.

सगळ्यांत जुना रोग म्हणजे टेबलावर बसून लिहिलेला अहवाल. ‘नमूद पत्त्यावर आरोपी मिळून आला नाही, शोध चालू आहे.’ मागचा अहवाल समोर ठेवायचा, तारीख बदलायची, साहेबांची सही घ्यायची. नाशिकमधल्या एका ठाण्यातून चोरीच्या आरोपीबद्दल हेच वाक्य दर तारखेला जात होतं. गडी होता नाशिकरोड जेलमध्ये, दुसऱ्या ठाण्याच्या गुन्ह्यात. एका तारखेला अंमलदार खालच्या मजल्यावर ‘मिळून आला नाही’ सांगत असताना तोच आरोपी त्याच इमारतीत वरच्या कोर्टापुढे कैदी पार्टीसोबत, म्हणजे जेलमधून आणणाऱ्या पोलिसांसोबत, उभा! त्याच्याच वकिलानं ते मॅजिस्ट्रेटसाहेबांच्या कानावर घातलं. शोध कुठे घेतला, एवढाच खुलासा मागितला गेला. स्टेशन डायरीत नोंद एकही नव्हती. लिहिणार काय?

माणूस जेलमध्ये असेल तर कोर्टाला तसं कळवायचं. त्याला हजर करण्याचा आदेश कोर्ट बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या) कलम 302 खाली काढतं, जुन्या सीआरपीसीचं 267. माझी सवय साधी आहे: दार वाजवण्याआधी जेलमध्ये विचारायचं. मयत असल्याची कुणकुण लागली तर मनपा किंवा ग्रामपंचायतीतून मृत्यूचा दाखला काढून कोर्टात द्यायचा.

दुसरी चूक याहून महागात पडते. आरोपी वकिलामार्फत हजर होतो, कोर्ट वॉरंट रद्द करतं, पण तो आदेश ठाण्यात पोचत नाही. इकडे आपला उत्साही भिडू पहाटे सिडकोत जाऊन त्याला उचलून आणतो. कलम 72 सांगतं, वॉरंट बजावलं जाईपर्यंत किंवा कोर्ट रद्द करेपर्यंत चालू राहतं. पहिला अर्धा भाग सगळ्यांना पाठ, दुसरा कोणी वाचत नाही. मुंबईत रद्द झालेल्या वॉरंटावर अटक झाल्याचं एक प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. 2011 च्या त्या निकालात अजामीनपात्र वॉरंटांचं क्रमांकवार रजिस्टर ठेवायला सांगितलं आहे आणि रद्द झालेलं वॉरंट बजावणी न करता ताबडतोब परत मागवायलाही. तरी मी त्या रजिस्टरच्या भरवशावर राहत नाही. खटल्याचा 16 अक्षरांचा सीएनआर क्रमांक ई-कोर्ट्स या कोर्टांच्या संकेतस्थळावर टाकतो आणि पैरवी अंमलदाराला, म्हणजे कोर्टाचं काम बघणाऱ्या आपल्या पोलिसाला, रोजनामा (कोर्टातली तारीखवार नोंद) डोळ्यांनी बघून यायला सांगतो. तासभर जातो, जाऊ दे.

पत्त्याचंही तसंच. सुरगाणा-पेठचा मजूर फेब्रुवारीत घरी शोधू नका. द्राक्षांच्या हंगामात तो निफाड-दिंडोरीच्या बागेत असतो, भात लावणीला गावी येतो. अंबड-सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या भाडेकरूसाठी घरमालकापेक्षा लेबर ठेकेदार कामाचा.

जामीनपात्र वॉरंटावर जामीन देणाऱ्याला लॉकअप दाखवू नका, बंधपत्र घ्या. महिला आरोपीला सूर्यास्तानंतर आणायला जाऊ नका.

आणि ‘फरार’ लिहून मोकळं होणाऱ्यांनी कलम 84 उघडावं. उद्घोषणेआधी, म्हणजे हजर राहण्याची जाहीर नोटीस काढण्याआधी, माणूस फरार आहे किंवा लपतोय, असं मानायला कोर्टाला कारण लागतं, मग हजर राहायला किमान 30 दिवस द्यावे लागतात. ते कारण तुमच्या अहवालातूनच मिळणार. टेबलावर लिहिलेल्या अहवालातून काय मिळणार?

2027 च्या सिंहस्थाचा बंदोबस्त लागला की या टेबलाला माणूस उरणार नाही. त्याआधी चेक बाउन्सची जुनी वॉरंटं लोक अदालतीत मिटलेल्या प्रकरणांच्या यादीशी ताडून घ्या. तडजोड होऊनही गठ्ठ्यात पडून राहिलेली हमखास सापडतात.