मुलांसाठी हरणाच्या शिकारीचं काडतूस: कमी धक्क्याचं कसं निवडावं

मुलाला किंवा मुलीला पहिल्यांदा हरणाच्या शिकारीला न्यायचं ठरलं की अमेरिकेत दोन सल्ले हटकून मिळतात. ‘मी .३०-०६ वरच शिकलो, तीही शिकेल’ हा पहिला; .३०-०६ म्हणजे मोठ्यांचं जोरदार काडतूस. ‘दुकानातली सगळ्यात छोटी, हलकी रायफल घे’ हा दुसरा. पहिल्याने मूल बंदुकीला घाबरतं हे लोकांना कळतं. दुसऱ्यानेही तेच होतं, पण ते कुणाच्या लक्षात येत नाही.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, तेव्हा हा लेख अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी, पांढऱ्या शेपटीच्या हरणापुरता. हंटर एज्युकेशनचा कोर्स, केशरी जाकीट आणि बंदूक हाताळण्याचे मूलभूत नियम झालेले आहेत असं धरून चालतो.

१. आधी राज्याचा नियम

काडतूस आवडून घ्यायचं आणि मग ते राज्यात चालत नाही असं कळायचं, हा उलटा प्रवास करू नका. व्हर्जिनियात हरणासाठी रायफल किमान .२३ कॅलिबरची (कॅलिबर म्हणजे नळीचा व्यास, इंचांत) लागते, म्हणजे .२२३ बाद. कोलोरॅडोत किमान .२४ कॅलिबर, हरणासाठी किमान ७० ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं माप, ७००० चा एक पाउंड) पसरणारी गोळी आणि १०० यार्डांवर १००० फूट-पाउंड ऊर्जा लागते. ओहायोत फक्त सरळ कवचाची, म्हणजे तोंडाशी बाटलीसारखी अरुंद न होणारी काडतुसं चालतात, तिथे .२४३ चा विचारच सोडा आणि .३५० लेजंड बघा. पेनसिल्व्हेनियात .२४३ चालतं, पण हरणासाठी सेमी-ऑटोमॅटिक रायफल चालत नाही.

न्यू जर्सीत हरणावर काडतुसाची रायफल चालतच नाही. तिथे शॉटगन, मझललोडर (तोंडाकडून दारू भरायची बंदूक) किंवा धनुष्य. तिथल्या एडिसनकडची मंडळी रायफलसाठी पेनसिल्व्हेनिया गाठतात ते बरंच आहे, कारण १२ गेजच्या (गेज हे शॉटगनच्या नळीचं माप, आकडा लहान तितकी नळी मोठी) स्लगचा, म्हणजे शॉटगनच्या एकसंध जड गोळीचा दणका कुठल्याही मुलासाठी .३०-०६ पेक्षा वाईट. न्यू जर्सीतच राहायचं असेल तर २० गेज घ्या.

एच-१बी आणि एच-४ वाल्यांसाठी एक गोष्ट: या व्हिसांवर असताना बंदूक किंवा काडतुसं बाळगायला फेडरल कायद्याने मनाई आहे. वैध शिकार परवाना हा त्याला अपवाद. परवाना हातात येण्याआधी ‘मित्राची बंदूक आहे, जरा धरून बघू’ असंही करू नका, आणि शंका असेल तर वकिलाला विचारा. नियम दरवर्षी बदलतात, म्हणून त्या वर्षाचं राज्याचं पुस्तक बघा.

२. पाच-सहा काडतुसांवर या

यादी लांबवण्यात अर्थ नाही. .२४३ विंचेस्टर (१९५५ पासून बाजारात, प्रत्येक गावात मिळतं), ७ मिमी-०८ रेमिंग्टन, ६.५ क्रीडमूर, ६.५ ग्रेंडेल, .३०-३० आणि सरळ कवचाच्या राज्यांसाठी .३५० लेजंड. .२२३ काही राज्यांत कायदेशीर आहे, पण पहिल्या हरणासाठी माझं मत ‘नको’ असंच. छोटी जखम, थोडं रक्त, आणि माग काढणारं मूल नवखं. ज्याला .२२३ नेच करायचंय त्याने ६० ग्रेनच्या वरची बॉन्डेड (आवरण आणि शिसं एकमेकांना सांधलेली) किंवा तांब्याची गोळी आणि १०० यार्डांची मर्यादा पाळावी.

३. धक्का मोजा, काडतुसाच्या नावावर विश्वास ठेवू नका

इथेच बहुतेकांचं चुकतं, म्हणून इथे थांबू.

‘.२४३ चा धक्का कमी असतो’ हे वाक्य अर्धवट आहे. धक्का काडतुसाचा नसतोच. काडतूस आणि बंदुकीचं वजन मिळून तो ठरतो. गोळी आणि जळती दारू पुढे जितका जोर घेऊन जातात, तितकाच जोर बंदूक मागे घेते. बंदूक हलकी असेल तर ती जास्त वेगाने मागे येते आणि खांद्यावर पडणारी ऊर्जा वाढते. आणि ‘यूथ’ किंवा ‘कॉम्पॅक्ट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या रायफली बहुधा हलक्याच असतात: आखूड नळी, पोकळ प्लॅस्टिकचा दस्ता, सहा पाउंडांच्या आसपास वजन. म्हणजे सगळ्यात लहान खांद्याला सगळ्यात हलकी बंदूक.

हिशेब कागदावर पाच मिनिटांत होतो. गोळीचं वजन ग्रेनमध्ये घ्या, तिच्या वेगाने (फूट प्रति सेकंद) गुणा. दारूचं वजन ग्रेनमध्ये घ्या, त्याला ४७०० ने गुणा. हा दारूच्या वायूचा सर्वसाधारणपणे धरला जाणारा वेग. दोन्हींची बेरीज ७००० ने भागा. येणाऱ्या आकड्याचा वर्ग करा. मग त्याला ६४.३५ गुणिले बंदुकीचं पाउंडातलं वजन, याने भागा. उत्तर फूट-पाउंडात. वजन स्कोप, पट्टा आणि भरलेल्या काडतुसांसकट धरा, कॅटलॉगमधलं नको. दारूचं वजन खोक्यावर छापत नाहीत. काडतुसं भरण्याच्या कुठल्याही मॅन्युअलमध्ये अंदाज मिळतो.

.२४३ घेऊ. १०० ग्रेनची गोळी, वेग २९६०, दारू सुमारे ४२ ग्रेन. २,९६,००० अधिक १,९७,४०० म्हणजे ४,९३,४००. भागिले ७००० म्हणजे ७०.५. वर्ग ४९७० च्या आसपास. बंदूक साडेसात पाउंडांची असेल तर भाजक ४८२.६, उत्तर १०.३ फूट-पाउंड. आता हेच काडतूस सव्वासहा पाउंडांच्या रायफलीत घाला: १२.४. साडेआठ पाउंडांच्या रायफलीत: ९.१.

त्याच पद्धतीने, साडेसात पाउंडांच्या बंदुकीत बाकीची:

६.५ ग्रेंडेल, १२३ ग्रेन: ८.७
.३५० लेजंड, १५० ग्रेन: ९.२
.३०-३०, १५० ग्रेन: ११.४
६.५ क्रीडमूर, १४० ग्रेन: १३.८
७ मिमी-०८, १४० ग्रेन: १४.९
.३०८, १५० ग्रेन: १७.३
.३०-०६, १५० ग्रेन: २०.७

छापील तक्त्यांत एक-दोन आकड्यांचा फरक दिसेल, कारण वायूचा वेग जो तो वेगळा धरतो. एकाच सूत्राने सगळी काडतुसं मोजलीत की तुलना बरोबर येते.

आता या यादीकडे नीट बघा. सव्वासहा पाउंडांच्या यूथ रायफलीत पूर्ण ताकदीचं ७ मिमी-०८ घातलं तर आकडा १७.९ येतो. म्हणजे बापाच्या साडेसात पाउंडांच्या .३०८ पेक्षा जास्त. ‘मुलांसाठी सौम्य’ म्हणून घेतलेली जोडी घरातल्या मोठ्या बंदुकीपेक्षा जोरात लागते, आणि मग म्हणायचं की पोरगी नाजूक आहे.

माझी रेघ अशी: बारा-तेरा वर्षांच्या, शंभर पाउंडांच्या आतल्या मुलासाठी १० ते ११ फूट-पाउंड. त्यापुढे गेलात तर एक-दोन गोळ्या तो सोसेल, पण तिसरीच्या आधी डोळे मिटायला लागेल. पंधरा हा आकडा बऱ्याच सवयीच्या मोठ्यांनाही पुरे होतो.

आकडा जास्त येत असेल तर काडतूस बदलण्याआधी बंदूक जड करा. पोकळ दस्त्यामागचं रबर काढा, शिशाचे छर्रे जाड पिशवीत घट्ट बांधून आत सारा, खडखडू नयेत म्हणून फोम कोंबा. पाउंडभर सहज मावतं. सगळं वजन मागे टाकलंत तर नळीचं टोक हलकं होऊन डुलतं, म्हणून थोडं पुढच्या भागातही घाला. शिसं आहे, काम मोठ्यांनी करावं आणि हात धुवावेत. ‘जड बंदूक मूल वाहणार कशी’ हा आक्षेप मला कळत नाही. मूल मचाणात किंवा झोपडीत बसणार, बंदूक काठ्यांच्या टेकूवर राहणार. तिथपर्यंत ती तुम्ही न्या.

दुसरा उपाय कमी ताकदीची काडतुसं. ७ मिमी-०८ मध्ये १२० ग्रेनची, २६७५ फूट वेगाची हॉर्नाडी कस्टम लाइट घातली की साडेसात पाउंडांच्या बंदुकीत आकडा १० च्या आसपास येतो. मूल दोन वर्षांत वाढलं की त्याच बंदुकीत पूर्ण ताकदीची काडतुसं. एकच बंदूक बरीच वर्षं वापरायची असेल तर .२४३ पेक्षा हाच मार्ग बरा, फक्त काडतुसं बदलली की स्कोप पुन्हा जुळवायला विसरू नका.

मझल ब्रेकने (नळीच्या टोकाला बसवायचा, वायू बाजूला सोडणारा भाग) धक्का खरंच कमी होतो, पण आवाज बाजूला आणि मागे फेकला जातो. मुलं धक्क्याइतकीच आवाजालाही दचकतात. आखूड नळी आणि वर ब्रेक ही जोडी मुलाच्या हातात देऊ नका. सरावाला कानात बोळे आणि वर इअरमफ, दोन्ही.

दस्त्याची लांबीही याच पायरीत तपासा. कोपर काटकोनात वाकवून दस्ता कोपराच्या आत टेकवा. तर्जनीचं पहिलं पेर ट्रिगरवर आरामात पोचलं पाहिजे. मोठ्यांचा दस्ता साडेतेरा इंचांच्या वर असतो, मुलांना बहुधा बारा ते साडेबारा लागतो. लांब दस्ता असेल तर मूल मान पुढे काढतं, बंदूक खांद्याच्या खोबणीऐवजी दंडावर बसते आणि दहाचा धक्का पंधराचा वाटतो. मान पुढे आली की स्कोपही भुवईवर आपटतो. दुर्बिणीपासून डोळ्याचं अंतर किमान साडेतीन इंच राहील असा स्कोप मुलाच्या मापाने बसवा, स्वतःच्या नव्हे. स्पेसर घालून लांबी वाढवता येणारा दस्ता मिळाला तर तोच घ्या.

४. गोळी: .२४३ ला बदनाम करणारी चूक

‘.२४३ ने हरीण पळून जातं’ असं म्हणणारे बहुतेक जण कोल्ह्याची गोळी हरणावर मारत असतात. ५५ ते ७५ ग्रेनच्या पातळ आवरणाच्या गोळ्या छोट्या प्राण्यांवर लगेच फुटण्यासाठी बनवलेल्या असतात. हरणाच्या खांद्याच्या हाडावर त्या वरच्या वर फुटतात, फुफ्फुसापर्यंत पोचत नाहीत. धक्का आणखी कमी व्हावा म्हणून लोक त्याच घेतात, आणि दुकानात सगळ्यात स्वस्तही त्याच असतात.

शिशाची असेल तर ९० ते १०० ग्रेनची, हरणासाठी म्हणून विकली जाणारी: नॉस्लर पार्टिशन किंवा कुठलीही बॉन्डेड. पूर्ण तांब्याची असेल तर ८० ते ८५ ग्रेन पुरते, कारण ती फुटत नाही, उमलते आणि खोल जाते. कॅलिफोर्नियात २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी बंद आहे, तिथे प्रश्नच मिटला. तांब्याची गोळी त्याच वजनात लांब असते. दहा इंचांत एक पीळ (आतल्या खाचांचा एक पूर्ण फेरा) असलेल्या नळीत ८०-८५ ग्रेनच्या पलीकडे जाऊ नका, जड तांब्याची गोळी डगमगू लागते.

उमलायला वेग लागतो. बहुतेक शिकारी गोळ्यांना लागताना सेकंदाला १८०० ते २००० फूट तरी हवेत. .२४३ ची १०० ग्रेनची गोळी २०० यार्डांवर २४०० च्या वर असते, म्हणजे भरपूर. .३५० लेजंड तिथवर बरंच मंदावतं, त्याला १५० यार्ड ही हद्द समजा. तशीही मुलाची हद्द मी काडतुसाने ठरवत नाही. बसून, टेकूवरून, आठ इंचांच्या कागदी थाळीत पाचपैकी पाच गोळ्या ज्या अंतरावर बसतात, ती त्याची हद्द. पहिल्या हंगामात ती १०० यार्डांपुढे क्वचितच जाते. नेम आडव्या उभ्या हरणाच्या खांद्यामागे, गोळी दोन्ही फुफ्फुसांतून. समोरून तिरपं उभं असेल तर थांबायचं.

५. सराव

नव्वद टक्के सराव .२२ वर, म्हणजे जवळजवळ धक्का नसलेल्या छोट्या काडतुसाच्या रायफलीवर. त्यात काही वाटाघाट नाही.

हरणाची रायफल तुम्ही जुळवा, मुलाने नव्हे. बाकावर बसून खांदा मागे जायला जागा नसते, म्हणून तिथे धक्का सगळ्यात जोरात लागतो. मुलाला टेकूवर, बसून किंवा उभ्याने मारू द्या, एका दिवसात तीन ते पाच गोळ्या, बस. आधी कोरा चाप ओढण्याचा सराव रोज घरी; बंदूक रिकामी असल्याची खात्री दोघांनी करायची, काडतुसं दुसऱ्या खोलीत.

मूल दचकायला लागलंय का हे विचारून कळत नाही, ते ‘नाही’च म्हणतं. पाच-सहा काडतुसांत दोन नकली मिसळा आणि एकेक तुम्हीच भरून द्या, त्याला न दाखवता. नकलीवर चाप ओढताना नळीचं टोक खाली गेलं किंवा डोळे मिटले, की उत्तर मिळालं. तो दिवस तिथेच थांबवा, पुढचे दोन आठवडे फक्त .२२, आणि पायरी ३ मधला आकडा पुन्हा काढा.

६. खरेदी

दोन-तीन प्रकारची एकेक खोकी घ्या, १०० यार्डांवर तीन-तीन गोळ्यांचे गट काढा, जी नीट बसतात त्यांची एकाच लॉट नंबरची (एकाच खेपेत बनलेली) चार-पाच खोकी ताबडतोब घेऊन ठेवा. नोव्हेंबर तोंडावर आला की .२४३ ची हरणाची काडतुसं दुकानातून गायब होतात आणि उरतात त्या कोल्ह्याच्या गोळ्या.