शिफ्टवाल्या घरात रोजची प्रार्थना कशी टिकवायची

रात्री नऊला सगळे हातपाय धुऊन चटईवर बसलेत, आजोबा शास्त्र वाचतायत, पोरं डोळे मिटून गप्प, असं घर मी पण लहानपणी बघितलंय. पण आता आमच्या इंदूरच्या घरात नवरा पीथमपूरला शिफ्टमध्ये, पोरगी विजयनगरला कॉल सेंटरात नाईट करते, धाकट्याचं कोचिंग, त्यामुळे नऊला घरात कोण तर मी आणि सासूबाई. तरी दोन वर्षं आम्ही ती नऊचीच वेळ धरून बसलो आणि रोज कुणावर तरी चिडलो. प्रार्थनेवरून भांडणं, म्हणजे कमालच ना.

तर पहिलं काम, घड्याळ सोडा. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाचा ६:७ (सहावा अध्याय, सातवं वचन) काढून बघा, मुलांना वचनं शिकवायची ती घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना, किती वाजता ते कुठेच लिहिलेलं नाही. त्यापेक्षा तुमच्या घरात सगळे एकमेकांना आपोआप भेटतात तो टाइम शोधा. आमच्याकडे तो निघाला पहाटे पाचचा. फर्स्ट शिफ्ट असली की साडेपाचला कोपऱ्यावर कंपनीची बस येते, म्हणून मी ओट्याशी पोळ्या लाटतेय, नवरा डब्याची झाकणं शोधतोय, तेवढ्यात पोरीची कॅब येते, ती दारातच बूट काढत बसते, आणि सासूबाई तर चारपासून उठलेल्याच. धाकट्याला हाक मारून उठवायचं. मग एकाने वचन वाचायचं, एकाने प्रार्थना. मी डोळे उघडे ठेवूनच आमेन म्हणते, नाहीतर पोळी करपते, आणि देवाला ते चालत असावं. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात हेच सगळं सकाळी चहावर.

दुसरं, छोटं ठेवा. सात-आठ मिनिटं, बास. आमच्या एका नातेवाईकांनी पोरीच्या बोर्डाच्या पेपरच्या आदल्या रात्री स्तोत्र ११९ काढलं होतं, १७६ वचनं, आणि ते सगळी वाचणाऱ्यातले. पोरगी मधेच रडायला लागली, त्यांना वाटलं वचनाने हृदयाला स्पर्श केला. स्तोत्र ११७ पण आहे हो, दोनच वचनांचं. लहान पोरं असतील तर १३६ घ्या, त्यात प्रत्येक वचनाला 'त्याची दया सनातन आहे' हेच येतं, मोठ्या माणसाने अर्धं वाचायचं आणि उरलेलं पोरांनी ओरडायचं, तीन दिवसांत पाठ होतं. सलग वाचायचं असेल तर मार्कचं शुभवर्तमान, सोळाच अध्याय. नीतिसूत्रांचे ३१ आहेत, म्हणजे आज जी तारीख तो अध्याय, त्यातली आवडतील ती चार वचनं, खूण घालायची पण गरज नाही.

भाषेवरून किटकिट करू नका. इकडे उपासना बहुतेक हिंदीत असते, त्यामुळे धाकटा 'स्तोत्रसंहिता' म्हणताना अडखळतो आणि सासूबाई लगेच दुरुस्त करायला धावतात. त्याला हिंदीतून वाचू दे, मराठीसाठी ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची दोन-तीन भजनं गाऊन पाठ करून घ्या, गाणं जिभेवर राहतं. मोबाईलवरून वाचलं तरी काही बिघडत नाही, फक्त फ्लाइट मोडवर टाका.

घरातलं कुणी बसतच नसेल तर ओढून बसवू नका. खुद्द टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा आणि त्यांच्या बायकोचा, लक्ष्मीबाईंचा, १९०० चा, नवराबायकोत पाच वर्षांचं अंतर होतं. तुमचा पोरगा दोन महिने दुसऱ्या खोलीत बसला तर दार उघडं ठेवा आणि आवाज जरा मोठा ठेवा, एवढंच.

आता रविवारची ड्यूटी. हा सगळ्यात वैतागाचा विषय. शनिवारी रात्री सुपरवायझरला फोन करून काही होत नाही, महिन्याचा रोस्टर बनायच्या आधी बोला आणि रिकाम्या हाताने जाऊ नका. नवरा सांगून टाकतो, दिवाळी मी करतो, रंगपंचमी पण करतो, मला गुड फ्रायडे, नाताळ आणि महिन्यातले दोन रविवार द्या. रंगपंचमीला अख्खं इंदूर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला राजवाड्यावर असतं, त्या दिवशी कामाला येणारा माणूस म्हणजे सोनं. आणि खोटं मेडिकल सर्टिफिकेट लावून चर्चला जाऊ नका, हसू नका, लोक जातात. रविवार नाहीच मिळाला तर मार्क २:२७ आहे, शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, माणसासाठी झालाय, मग जी सुट्टी मिळेल त्या दिवशी खरंच सुट्टी घ्या, त्यात ओव्हरटाइम घुसवू नका. यावर आमच्या घरात अजून एकमत नाहीये, हप्ते आहेत ना.

शेजारचा प्रसाद, गणपतीची वर्गणी, अनंत चतुर्दशीच्या झांक्या (मिरवणुकीतले चित्ररथ), यावर प्रत्येक घराचं वेगळं मत. मी पोरांना झांक्या बघायला पाठवते, सासूबाईंना पटत नाही. करिंथकरांस पहिल्या पत्राचा ८ वा आणि १० वा अध्याय, मूर्तीला वाहिलेलं खायचं का यावरचे, एका आठवड्यात मिळून वाचा आणि आधीच ठरवा, काकू ताट घेऊन दारात उभ्या राहिल्यावर ठरवायला गेलं की तोंड वाकडं होतं आणि ते त्यांना दिसतं.

आणि मधे दहा-बारा दिवस बुडाले, लग्न, आजारपण, काहीही, तर कुणामुळे बुडाले ते काढू नका. दुसऱ्या दिवशी पोळ्या टाकताना ११७ वाचायचं, तवा तापायच्या आत होतं.