कोकण किनाऱ्यावर तंबूसाठी जागा निवडताना

सकाळी तंबूची चेन उघडली की समोर लाटा दिसाव्यात, एवढ्याच निकषावर बहुतेक मंडळी जागा ठरवतात. कोकणात समुद्र दिसणं ही सगळ्यात स्वस्त सोय आहे, कुठल्याही पुळणीवरून, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावरून, तो दिसतो. रात्र बिघडते ती चढलेल्या भरतीने, मचूळ पाण्याने आणि संडास नसल्याने. जागेची पारख त्याच क्रमाने करावी.

पण त्याआधी जागा कोणाची ते पाहा. सुरूबनं काही ठिकाणी वनखात्याची असतात, काही ठिकाणी ग्रामपंचायतीची. पुळणीमागची वाडी, म्हणजे झाडांची बाग, खाजगी असते. सुरूबनात तंबू लावायचा तर दिवसाउजेडी ग्रामपंचायतीत किंवा पोलीस पाटलांकडे विचारावं, कारण रात्री किनाऱ्यावर गस्त असते आणि अनोळखी तंबूची चौकशी होतेच. खाजगी वाडीत थोडे पैसे जातात, पण विहीर, संडास आणि हाकेच्या अंतरावर घर मिळतं. कुटुंब बरोबर असेल तर आमचं मत सरळ वाडीला.

जंगलात राहायचं असेल तर मुरूडजवळचं फणसाड अभयारण्य आहे. जंजिऱ्याच्या नवाबांचं हे शिकारीचं रान १९८६ मध्ये अभयारण्य झालं. सुपेगावच्या बाजूला राहण्यासाठी तंबू आहेत. आपला तंबू घेऊन हवा तिथे ठोकता येत नाही, शेकोटी आणि गाण्याबजावण्याचा प्रश्नच नाही. समुद्र दिसत नाही, शेकरू मात्र दिसू शकतं. तिथल्या पाणवठ्यांना ‘गाण’ म्हणतात. पाणवठ्याच्या अगदी जवळ राहायचा हट्ट धरू नका, जनावरं पाण्यावर यायची थांबतात.

आता भरती. किनाऱ्यावरचा तंबू बहुतेक वेळा हिनेच उठवला जातो. दिवसातून दोनदा पाणी चढतं आणि रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येतं. जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास. पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकरा. रत्नागिरी-मालवणकडे भरती मुंबईच्या थोडी आधी येते, तेव्हा अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा आणि भरतीचं वेळापत्रक मिळालं तर तेच प्रमाण माना.

पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवस उधाणाची भरती सर्वांत मोठी असते, अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे लहान. मुंबई-अलिबागकडे उधाणात पाणी साडेचार मीटरच्या वर जातं, दक्षिणेला वेंगुर्ल्याकडे चढउतार बराच कमी. शहरातल्या माणसाला सहसा माहीत नसणारी गोष्ट पुढे आहे: हिवाळ्यात रात्रीची भरती दिवसाच्या भरतीपेक्षा मोठी असते. दुपारी पाणी जिथे थांबलं, तिथून दहा पावलं मागे तंबू लावणारा माणूस मध्यरात्री भिजतो तो यामुळेच.

म्हणून वाळूवरच्या खुणा वाचा. काटक्या, शिंपले, प्लास्टिक यांची एक ओळ पुळणीवर दिसते, ती गेल्या भरतीची. तिच्या वर जुनी, वाळलेली दुसरी ओळ दिसली तर ती उधाणाची. त्याहून वर मर्यादवेल पसरलेली असते, हिरवी पानं आणि जांभळी फुलं. तंबू त्या वेलीच्या मागे, आणि जुन्या ओळीपेक्षा निदान कमरेइतका उंच. वेलीवर मात्र ठोकू नका, वाळू तीच धरून ठेवते.

पाणी समोरूनच येतं असंही नाही. खाडीच्या मुखाशी, व्हाळाच्या (ओढ्याच्या) तोंडाशी किंवा देवबागसारख्या खाडी-समुद्रामधल्या चिंचोळ्या पट्ट्यावर ते आधी मागच्या सखल भागात शिरतं. तंबू कोरडा राहतो आणि परतीची वाट बुडते. मागे कांदळवन दिसलं की जागा सोडा. संध्याकाळी डास आणि बारीक माश्या बसू देत नाहीत, ते वेगळंच.

वाळूत नेहमीचे वीतभर खुंटे टिकत नाहीत, वारा सुटला की उपसून येतात. तांदळाच्या रिकाम्या पिशव्या न्या, वाळूने भरा, दोरी बांधा आणि फूट-दीड फूट खोल पुरा. एका तंबूला सहा पुरतात. पिशवी नसेल तर हातभर लाकूड दोरीला आडवं बांधून पुरलं तरी चालतं. दिवसा वारा समुद्राकडून, रात्री जमिनीकडून. दार उत्तर किंवा दक्षिणेला ठेवलं तर दोन्ही वेळा वाळू आत येत नाही. डिसेंबर-जानेवारीत दव इतकं पडतं की वरचं कापड पहाटे चिंब असतं. आतल्या कापडाला ते टेकू देऊ नका.

नारळाखाली तंबू कधीच नको. नारळ पडतो, झावळ पडते, आणि दोन्ही रात्री दिसत नाहीत. सुरूखाली वाळक्या फांद्या तेवढ्या पाहून घ्या. तिथे शेकोटी मात्र अजिबात करू नका, सुरूची वाळकी पानं झटकन पेटतात.

सड्यावर (कातळाच्या माळावर), जांभ्याच्या फटींपाशी आणि गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, लागून फुरसं असतं. रत्नागिरी-सिंधुदुर्गात हा साप भरपूर आहे. छोटा म्हणून दुर्लक्ष करू नका. गडग्यापासून पाच-सहा मीटर दूर, पालापाचोळा साफ करून तंबू लावा, बूट झटकून घाला, रात्री बॅटरीशिवाय पाऊल टाकू नका. चावलाच तर कापू नका, आवळपट्टी बांधू नका, अवयव हलू न देता रुग्णालय गाठा. प्रतिविष असलेलं जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठे, हे आदल्या दिवशीच विचारून ठेवा.

पाणी प्यायला आणि स्वयंपाकाला माणशी दिवसाला चार लिटर धरा. किनाऱ्याजवळच्या विहिरी मार्चनंतर मचूळ होतात. ‘प्यायची बाव (विहीर) कुठली?’ असं गावातल्या बायकांनाच विचारा. संडास नसलेली जागा तर आम्ही नाकारायलाच सांगतो. वाळूत खड्डा खणला की हात-दीड हातावर पाणी लागतं, आणि तेच पाणी विहिरीत जातं.

वेळास, आंजर्ले, गुहागर या किनाऱ्यांवर नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले कासवं रात्री अंडी घालायला चढतात, मेपर्यंत पिल्लं निघतात. दिव्याने मादी परत फिरते आणि पिल्लं समुद्र सोडून उजेडाकडे जातात. या महिन्यांत तिथे गावातल्या घरी उतरा, पुळणीवर तंबू नको.

मोसम ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी. जागेवर दुपारी तीनपर्यंत पोचा, म्हणजे खुणा उजेडात वाचता येतात आणि जागा पटली नाही तर गावात खोली शोधायला वेळ उरतो. गाडी पुळणीवर घालू नका; ओल्या वाळूत चाक रुतलं की भरती ट्रॅक्टरची वाट पाहत नाही. फोनमध्ये तीन क्रमांक ठेवा: रुग्णवाहिका १०८, सागरी पोलीस १०९३, वनखातं १९२६. आणि तंबूच्या जागी मोबाइलला रेंज येते का, तेही सामान उतरवण्याआधी बघा.