डॉक्टरांनी शेक्सपिअरची राजकीय नाटकं वाचताना

सुरुवात 'कोरिओलेनस'पासून करा. राज्य म्हणजे शरीर, ही कल्पना त्यात उघड मांडली आहे. पानाखालीच टीपा असलेली आवृत्ती घ्या, कारण ओळखीचे शब्द फसवतात: 'फिजिक' म्हणजे औषध, 'ह्यूमर' म्हणजे शरीरातला रस. 'मॅकबेथ' नाटकात मॅकबेथ वैद्याला राज्याचं 'पाणी' तपासायला सांगतो, ती लघवीची तपासणी.

पहिल्या अंकाचा पहिला प्रवेश मोठ्यानं वाचा. रोममध्ये उपासमार आहे, लोक काठ्या घेऊन बाहेर पडलेत. मेनेनिअस हा उमराव त्यांना पोटाची गोष्ट सांगतो. त्यात पोट म्हणतं: अन्न आधी माझ्याकडे येतं खरं, पण रक्तावाटे मीच ते सगळ्यांना पोचवतो. पोट म्हणजे सिनेट, रोमच्या उमरावांची सत्ताधारी सभा. पटकन पटतं. मग थोडं मागे जा. आम्ही उपाशी आणि यांची कोठारं धान्यानं भरलेली, असं एक नागरिक नुकताच म्हणालेला असतो. पोटही स्वतःला शरीराचं कोठारच म्हणवतं. इंग्रजी शब्द दोन्हीकडे एकच, 'स्टोअरहाउस'. नागरिकाचा आरोपच मेनेनिअसनं शरीरशास्त्र म्हणून परत केला. 1607 मध्ये इंग्लंडच्या मध्य भागात शेतजमिनींना कुंपणं घालण्याविरुद्ध गावकरी उठले होते. नाटक त्याच सुमाराचं.

वहीत तीन रकाने पाडा: निदान कोणाचं, रोगी कोण, उपाय काय. तिसऱ्या अंकाच्या पहिल्या प्रवेशात ट्रिब्यून, म्हणजे सामान्य लोकांचा प्रतिनिधी, सिसिनिअस म्हणतो, सेनापती कोरिओलेनस हा रोगच, कापून टाका. मेनेनिअस म्हणतो, तो रोग झालेला अवयव आहे. कापलात तर जीव जाईल, बरा करणं सोपं. रोगी शहर की माणूस, यावरच भांडण आहे. शेवटी कापतात, म्हणजे हद्दपार करतात, आणि तो 'अवयव' शत्रूचं सैन्य घेऊन परत येतो.

इथे आजचं शरीरशास्त्र लावू नका. रक्ताभिसरणावरचं हार्वेचं पुस्तक 1628 चं, म्हणजे नाटकानंतरचं. या नाटकामागे प्राचीन ग्रीक वैद्य गॅलेनची परंपरा आहे, पोटात अन्न शिजतं, यकृतात रक्त बनतं.

डॉक्टरांची नेहमीची चूक 'ज्युलिअस सीझर'मध्ये होते. पहिल्या अंकात सीझरला फेफरं आल्याचं कळतं आणि वाचन अपस्माराच्या निदानापाशी थांबतं. लगेच पुढे सीझरचा विरोधक कॅशिअस ब्रूटसला काय म्हणतो ते वाचा: सीझरला नाही, हा पडण्याचा आजार (फेफऱ्याचं जुनं इंग्रजी नाव) तुला, मला आणि कास्काला आहे. दुसऱ्या रकान्यातलं सीझरचं नाव खोडून तिथे ही तीन नावं लिहा.