वर्षाचा दाणा भरताना: खान्देशातल्या घरासाठी किराण्याचा हिशोब

किराण्याचा खर्च कमी करायचा असेल तर सुरुवात घरातल्या डब्यांपासून करा. तूरडाळ, तेल, साखर, शेंगदाणे, तिखट आणि चहा यांच्या डब्यांवर कागदाची पट्टी चिकटवा. डबा भरला त्या दिवशी तारीख आणि वजन लिहा, संपला त्या दिवशी पुन्हा तारीख लिहा. समजा 5 किलो तूरडाळ 40 दिवस पुरली, तर वर्षाला साधारण 45 किलो लागते. हा आकडा हातात नसताना वर्षाचं धान्य भरायला जाऊ नका. अंदाजाने भरलेलं अर्धं पोतं पुढच्या श्रावणात किडे खातात, आणि स्वस्तात घेतल्याचा सगळा फायदा तिथेच जातो.

खान्देशात पिकं अशा क्रमाने येतात की वर्षाची खरेदी आपोआप विभागली जाते. मूग आणि उडीद ऑगस्टअखेर ते सप्टेंबरात, भुईमुगाच्या शेंगा दिवाळीच्या आगेमागे, तूर जानेवारी-फेब्रुवारीत, दादर (रब्बी ज्वारी) आणि हरभरा फेब्रुवारी-मार्चमध्ये, गहू मार्च-एप्रिलमध्ये. आवक वाढली की भाव साधारणपणे उतरतो, म्हणून ज्याचा हंगाम त्याची खरेदी. सगळं एकदम उन्हाळ्यातच भरायचा हट्ट धरला तर एका महिन्यात मोठी रक्कम लागते आणि उसनवारी होते. व्याजाने पैसे काढून धान्य भरण्यात बचत नाही. मूग-उडीद मात्र अगदी पहिल्या आठवड्यात घेऊ नका. पावसातच काढणी झालेली असते, दाणा ओला असतो आणि आपण पाण्याचे पैसे देतो.

दाणाबाजारात, मार्केट यार्डात किंवा थेट शेतकऱ्याकडून घेताना पोत्याच्या तोंडाशी दिसणाऱ्या दाण्यावर भाव ठरवू नका. कोपरापर्यंत हात घाला आणि तळातली मूठ बाहेर काढा. एक दाणा दाताखाली धरा. कट्ट आवाज करून फुटला तर वाळलेला, नुसता चेपला गेला तर ओल आहे. मग अर्धा किलो नमुना मागून घ्या, चाळा, निवडा आणि निघालेला कचरा तोला. 20 ग्रॅम निघाला तर तूट 4 टक्के झाली. म्हणजे 3000 रुपये क्विंटलचा गहू तुम्हाला खरं तर 3125 रुपयांना पडतो. शेजारचा चाळलेला गहू 3100 ला मिळत असेल तर तोच स्वस्त, आणि निवडण्याची मेहनतही वाचते.

तूर घेऊन घरची डाळ करावी की तयार डाळ घ्यावी, याचं उत्तर दर वर्षी वेगळं असतं. अख्ख्या तुरीतून सरासरी 70 टक्के डाळ निघते, बाकी चुरी आणि टरफल. तेव्हा तुरीच्या भावाला 0.7 ने भागा आणि भरडाई मिळवा. तूर 84 रुपये किलो असेल तर डाळ 120 रुपये अधिक भरडाई अशी पडते. घरी गुरं असतील तर चुरीचे पैसे वजा करा, नसतील तर करू नका. जळगाव हे डाळ मिलचं मोठं केंद्र असल्यामुळे तयार डाळीचा घाऊक भाव इथे पुष्कळदा त्याच्या आसपासच असतो. अशा वर्षी चार घरांनी मिळून 50 किलोचा कट्टा घ्यावा आणि वाटून न्यावा.

तेलाच्या डब्यावर 15 किलो लिहिलंय की 15 लिटर, हे वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. एक लिटर खाद्यतेलाचं वजन साधारण 910 ग्रॅम भरतं. म्हणजे 15 लिटरच्या डब्यात जेमतेम 13.65 किलो तेल असतं. दोन्ही डबे दिसायला सारखे, भावात थोडाच फरक, आणि तेल मात्र सव्वा किलोहून जास्त कमी. पाकिटांतही एकावर 910 ग्रॅम तर दुसऱ्यावर त्याहून कमी वजन छापलेलं असतं, म्हणून तुलना करताना किंमत भागिले ग्रॅम हाच हिशोब करा. तीन माणसांच्या घराने मोठा डबा घेऊच नये. फोडलेला डबा महिनोन्‌महिने उघडा राहिला की तेल खवट होतं. घाण्यावरून शेंगदाणा तेल काढून घ्यायचं असेल तर एक किलो तेलाला सुमारे अडीच किलो दाणे धरा. त्यांची किंमत अधिक गाळण्याची मजुरी, वजा पेंडीचे पैसे, एवढ्यात ते पडतं. पेंड घाण्यावरच सोडून आलात तर ते महागच पडणार.

नंदुरबार-दोंडाईचाकडची लाल मिरची वर्षासाठी घेताना ती हातात घेऊन हलवा. आत बिया खुळखुळल्या पाहिजेत आणि वाकवल्यावर ती मोडली पाहिजे. वजन वाढवण्यासाठी पाणी मारलेली मिरची मऊ लागते, घरी आणल्यावर काळी पडते आणि तिला बुरशी येते. ओली मिरची घेऊन घरी वाळवणार असाल तर तीन ते चार किलोची एक किलो होते, हे धरूनच भाव जुळवा. देठ काढूनच कांडायला द्या. देठासकट कांडलं तर वजन भरतं, पण तिखटपणा आणि रंग दोन्ही उतरतात आणि भाजीला चमचा जास्त लागतो.

आता साठवण, कारण पैसे सगळ्यात जास्त इथेच वाया जातात. वैशाखाचं ऊन खान्देशाला फुकट मिळालं आहे, त्याचा पुरता वापर करा. गहू ताडपत्रीवर दोन बोटं जाडीचा पसरून दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवा आणि मध्ये मध्ये पायाने फिरवा. मग रात्रभर घरात पसरून पूर्ण गार होऊ द्या. गरम दाणा तसाच कोठीत भरला तर आतून पत्र्याला घाम धरतो, वरचा थर कुबट होतो आणि पावसाळा लागताच टोके (धान्यातले किडे) पडतात. कोठी विटांवर ठेवा, भिंतीपासून वीतभर लांब. कडुनिंबाचा पाला घालायचा तर सावलीत खडखडीत वाळवून घाला, ओल्या पाल्याने उलट ओलच आत जाते.

अख्खे मूग, चवळी आणि हरभरे लवकर किडतात, कारण भुंगेऱ्याची अंडी शेतातूनच दाण्यावर चिकटून येतात. घट्ट झाकण लावूनही ती आत फुटतात. म्हणून ऊन दाखवल्यावर किलोमागे एक लहान चमचा, म्हणजे 5 मिली एरंडेल तेल चोळा. दाण्यादाण्याला लागलं पाहिजे, वरून ओतून चालत नाही. किंवा निम्म्याची डाळच भरडून ठेवा, डाळीला हा किडा फारसा लागत नाही. पोत्यात टाकायच्या विषारी गोळ्या मात्र घरात अजिबात आणू नका. हवेतल्या ओलीने त्यांतून जीवघेणा वायू सुटतो, आणि आपल्या घरांत धान्याची कोठी बऱ्याचदा झोपायच्या खोलीतच असते.

भरलेला दाणा वापरला गेला तरच पावसाळ्यातल्या महाग भाजीवर उतारा मिळतो. एक किलो ज्वारीला पाव किलो अख्खे उडीद आणि मीठ घालून कळणा दळून आणा. कळण्याच्या भाकरीबरोबर ठेचा, कच्चं तेल आणि कांदा असला की वेगळी भाजी लागत नाही. फुनके, पातोड्या, डुबुकवडे घरच्या डाळीतच होतात. बेसन, रवा आणि मैदा पावसाळ्यात पंधरा दिवसांपुरतेच घ्या. हरभऱ्याची डाळ घरात असेल तर बेसन दोन-दोन किलोच दळून आणा. काळ्या मसाल्यासाठीचं सुकं खोबरंही जूनपूर्वी भाजून मसाल्यात वापरून टाका, कारण दमट हवेत त्याला खवट वास येतो आणि तो पूर्ण मसाल्यात उतरतो.