बदकाचा उग्र वास कसा घालवला

मागच्या थंडीत साळ्याने भंडाऱ्याकडून पाळलेलं बदक आणलं. (रानबदकाचं नावही काढू नका, 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकार गुन्हा आहे.) मी पडलो नागपूरचा, कोंबडीसारखंच सावजी मसाल्यात शिजवलं. तर्री लालभडक, पण पहिल्याच घासाला शेवाळाचा वास! आईने ताट सरकवलं, "काय रे, डबक्यातल्या पाण्यात शिजवलं का?"

पुढच्या बदकाला शेपटीपासूनच सुरुवात केली. शेपटीच्या मुळाशी, वरच्या अंगाला, पिवळसर तेलाची गाठ असते. पक्षी त्याच तेलाने पिसं चोपडतो. ती अख्खी कापून काढायची, फुटू द्यायची नाही. माझी फुटली. दोनदा साबण लावूनही संध्याकाळपर्यंत बोटं वास मारत होती. मग पोटातली चरबी ओढून काढली, कारण उग्रपणा मुख्यतः तिच्यातच मुरलेला असतो. तुकडे रात्रभर मिठाच्या पाण्यात, फ्रीजमध्ये. सकाळी पाणी फेकलं, फडक्याने टिपून कोरडे केले.

कढईत तेलाचा थेंब न घालता कातडी खाली करून मंद आचेवर ठेवले. अर्ध्या तासात वाटीभर चरबी सुटली, तीही काढली. इथे घाई केली की सगळं मुसळ केरात. पुढे नेहमीचंच: आलं-लसूण, भाजलेलं खोबरं, खसखस, दगडफूल. मसाला मात्र दुप्पट करू नका, त्याने वास दबत नाही, नुसती जीभ भाजते.

झाकण ठेवून दीडेक तास शिजवलं. आईने ज्वारीची दुसरी भाकर मागितली.